'खेळाडू हाच लेखक' : एका सोयीस्कर मताची चिकित्सा

१

मराठी समीक्षेत नव्या संकल्पना उशिरा येतात, ही तक्रार जुनी आहे. आल्यानंतर त्या मागचापुढचा विचार न करता कुठेही चिकटविल्या जातात, ही तक्रार मात्र पुरेशा स्पष्टपणे कुणी केलेली दिसत नाही. व्हिडिओ गेम या प्रकाराविषयी आपल्या चर्चासत्रांतून आणि शोधनिबंधांतून अलीकडे जे ऐकू येते ते पाहता ती करणे भाग आहे. या मांडणीचा सारांश असा : ज्याला 'ओपन-वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम' म्हणतात त्या प्रकारात घटनांचा क्रम आधी ठरलेला नसतो, खेळाडू हवा तिकडे जातो, हवे ते निवडतो, म्हणून तेथे लेखकाची सत्ता संपते आणि खेळाडू हाच संहितेचा लेखक होतो, रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये सिद्धान्तरूपाने जे सांगितले ते येथे प्रत्यक्षात आले आहे.

हे मत आकर्षक आहे, सोयीचे आहे आणि चुकीचे आहे. ते चुकीचे का, हे दाखविणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्हिडिओ गेम हा समीक्षेचा विषयच होऊ शकत नाही असे मानणाऱ्यांशी येथे वाद घालावयाचा नाही. तमाशा आणि चित्रपट यांच्याबाबतही अभिजनांनी असेच नाक मुरडले होते, आणि त्याचे पुढे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. आपला वाद आहे तो या प्रकाराच्या उत्साही मित्रांशी. कारण एखाद्या कलाप्रकाराचे नुकसान त्याच्या शत्रूंपेक्षा असे मित्रच अधिक करतात.

वाद हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण घेऊ. पोलंडमधील 'सीडी प्रोजेक्ट रेड' या संस्थेने 'द विचर' या नावाची खेळमालिका घडविली. पहिला खेळ २००७ मध्ये, दुसरा २०११ मध्ये आणि तिसरा, 'वाइल्ड हंट', मे २०१५ मध्ये आला. या तिसऱ्या खेळाच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले. मालिकेतील चौथ्या खेळाची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. तो अजून बाजारात यावयाचा आहे. या सर्वांच्या मुळाशी मात्र पुस्तके आहेत : आंद्जेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा आणि कादंबऱ्या. त्यांची पहिली 'विचर' कथा १९८६ मध्ये 'फान्तास्तिका' या मासिकात प्रसिद्ध झाली. साहित्याच्या अभ्यासकाला याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. कारण येथे लेखक आहे, संहिता आहे, रूपांतर आहे, आणि करारपत्रही आहे.

२

प्रथम सिद्धान्ताकडे वळू. बार्थ यांच्या निबंधातील 'लेखक' म्हणजे संहितेच्या अर्थाचा अंतिम मालक म्हणून समीक्षेने कल्पिलेली एक आकृती होय. त्या आकृतीचा मृत्यू म्हणजे अर्थनिर्णयनावरील मक्तेदारीचा शेवट. संहितेची रचना कुणीही केलेली नसते, असे बार्थ म्हणत नाहीत. अर्थाची मालकी आणि रचनेचे कर्तृत्व या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाचक अर्थ निर्माण करतो हे मान्य केल्याने तो कादंबरीचे प्रकरणही लिहितो असे सिद्ध होत नाही.

उंबेर्तो एको यांनी तर ही भूल होऊ नये याची काळजी १९६२ मध्येच घेतली होती. 'मुक्त कलाकृती'ची त्यांची कल्पना आस्वादकाला पूर्तीचे स्वातंत्र्य देते. परंतु ज्या शक्यतांतून तो निवड करतो त्या शक्यता लेखकानेच संघटित केलेल्या असतात, आणि पूर्ण झालेली कृतीही लेखकाचीच राहते, हे त्यांनी स्पष्ट केले आहे. १९९७ या एकाच वर्षी संगणकीय संहितेविषयी दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. एस्पेन आर्सेथ यांनी आपल्या 'सायबरटेक्स्ट'मध्ये 'परस्परसंवादी' या शब्दाच्या सैल वापराविषयीच शंका घेतली. जॅनेट मरे यांनी 'हॅम्लेट ऑन द होलोडेक'मध्ये कृतिशीलता आणि कर्तृत्व यांत भेद केला : खेळाडू कृती करतो आणि तिचा परिणाम अनुभवतो, कोणत्या कृतीला कोणता परिणाम लाभेल याचे नियम लिहिणारा तो लेखक. म्हणजे ज्या विचारवंतांची साक्ष काढून 'खेळाडू हाच लेखक' म्हटले जाते त्यांपैकी एकही जण या मताच्या बाजूने उभा राहत नाही. नावे त्यांची, निष्कर्ष आपले. असा हा व्यवहार आहे.

वस्तुतः एवढ्या लांब जाण्याची गरजही नव्हती. सारीपाट आपल्या घरातला आहे. फासे पडतील तशा सोंगट्या हलतात, दोन डाव कधी सारखे होत नाहीत, आणि कोणती सोंगटी पुढे काढावी हे खेळणाराच ठरवितो. तरीही पट विणणारा वेगळा आणि सोंगट्या हलविणारा वेगळा, हे कळण्यासाठी आपल्या आजीला उत्तर-संरचनावाद वाचावा लागला नव्हता.

३

आता 'वाइल्ड हंट'ची रचना पाहू. गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षसांची शिकार करणारा व्यावसायिक, म्हणजे 'विचर', आपल्या मानसकन्येचा, सिरीचा, शोध घेतो आहे. युद्धाने उद्ध्वस्त झालेला प्रदेश, नगरे आणि बेटे खेळाडूपुढे पसरलेली आहेत. तो मुख्य कथासूत्र सोडून कुठेही भटकू शकतो, गावकऱ्यांची कामे अंगावर घेऊ शकतो, पत्ते खेळत बसू शकतो. शेवटाच्या ३६ अवस्था असल्याचे खेळ येण्यापूर्वी सांगितले गेले होते. मुक्ततेचे पुरावे म्हणून या गोष्टी नेहमी पुढे केल्या जातात.

त्यांतील सर्वांत गाजलेला भाग घेऊ. 'ब्लडी बॅरन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकथानकात गेराल्टला एका टेकडीच्या पोटात, झाडाच्या मुळाशी कोंडलेला एक आत्मा भेटतो. त्याला सोडवावे की मारावे हे खेळाडूने ठरवावयाचे आहे. सोडविल्यास दलदलीतील अनाथ मुले वाचतात, पण एका गावाचा विध्वंस होतो आणि बॅरनच्या बायकोचा व त्यापाठोपाठ बॅरनचाही अंत ओढवतो. मारल्यास मुलांचा घास जातो, बायको भ्रमिष्ट अवस्थेत का होईना जगते आणि बॅरन तिला घेऊन उपचारासाठी दूर निघून जातो. या निवडीचे सामर्थ्य कशात आहे? खेळाडूला दोन वाटा मिळतात, यात खासच नाही. दोन वाटा तर मुलांच्या कोड्यांतही असतात. सामर्थ्य आहे ते परिणाम लपविण्यात आणि लांबविण्यात. निवड करताना कोणती वाट चांगली हे कळू दिलेले नाही. आणि परिणाम समोर येतो तेव्हा मागे फिरून वेगळी निवड करण्याइतके जवळ काही उरलेले नसते. माहिती कधी द्यावी आणि कधी रोखून धरावी हा कथनकलेतील जुना प्रश्न आहे. तो येथे ज्यांनी सोडविला ते लेखक आहेत. त्यांच्या या कौशल्याचे श्रेय कळफलकावर बोट ठेवणाऱ्याला बहाल करणे म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार होणे होय.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. कथेच्या अखेरीस सिरीचे काय होते याच्या तीन मुख्य शक्यता आहेत : ती विचर होते, सम्राज्ञी होते, किंवा परतत नाही. हे कशावर ठरते? मोठ्या युद्धांवर नव्हे, तर काही लहानशा प्रसंगांतील गेराल्टच्या वागण्यावर. दुःखी मुलीबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळावे की तिला दारूचा पेला देऊन समजूत घालावी. महत्त्वाच्या भेटीला तिला एकटीला जाऊ द्यावे की सोबत जावे. संतापाच्या भरात ती एका प्रयोगशाळेची मोडतोड करते तेव्हा तिला अडवावे की मोकळे सोडावे. खेळाडूच्या नकळत या उत्तरांची बेरीज होते. मुलीच्या स्वातंत्र्यावर विश्वास ठेवणारा बाप तिला जगवितो, तिला जपण्याच्या नावाखाली बांधून ठेवणारा बाप तिला गमावतो.

ही एक नैतिक भूमिका आहे. ती सुंदर आहे, वादग्रस्तही आहे. आपल्याकडे मुलीला एकटीला न पाठविणारा बाप स्वतःला वाईट बाप समजत नाही. हा खेळ त्याला सौम्यपणे पण ठामपणे दोषी ठरवितो. अशा मूल्यनिर्णयाशी वाद घालता येतो, घातला पाहिजे. परंतु त्यासाठी तो कुणीतरी दिलेला निर्णय आहे हे आधी मान्य करावे लागते. खेळाडूच लेखक असता तर त्याची परीक्षा घेतली कुणी? प्रश्नपत्रिका काढणारा, गुण ठरविणारा आणि निकाल लावणारा कुणी दुसराच आहे, आणि परीक्षार्थ्यालाच आपण ग्रंथकर्ता म्हणत आहोत.

मुक्ततेची दुसरी बाजूही तपासण्याजोगी आहे. कन्या संकटात आहे, क्षणाचाही विलंब नको, असे कथानक सतत सांगते. आणि नायक मात्र गावोगाव पत्ते खेळत हिंडू शकतो. बहुतेक ठिकाणी कथानक त्याची वाट पाहत थांबून राहते. कथनातील काळ आणि खेळातील काळ यांच्यात पडलेली ही फट या प्रकाराची अंगभूत अडचण आहे. खेळाचे नियम एक सांगतात आणि कथा दुसरेच सांगते, या विसंवादाला क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये एका वेगळ्या खेळाच्या निमित्ताने नाव दिले होते. अशा विसंवादाची चिकित्सा हे समीक्षेचे काम आहे. पण खेळाडूच लेखक म्हटला की दोषही त्याचाच : तुम्ही पत्ते खेळत का बसलात? श्रेय हिरावून घेणारे मत जबाबदारीही पुसून टाकते, हे येथे ध्यानात घ्यावे.

४

चौथ्या खेळाच्या घोषणेने तर या मताची कसोटीच लावली आहे. या खेळाची नायिका सिरी आहे, आणि ती विचर आहे. कादंबऱ्यांतील सिरी विचरांच्या गडावर शस्त्रविद्या शिकते, पण विचराचे शरीर घडविणाऱ्या वनौषधींच्या जीवघेण्या दिव्यातून जात नाही. नव्या खेळातील सिरी त्या दिव्यातून गेलेली आहे. बदल करण्याचा अधिकार रूपांतरकाराला असतो, त्याविषयी तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या असंख्य खेळाडूंनी २०१५ नंतर सिरीला सम्राज्ञी केले, किंवा तिला गमावले, त्यांनी 'लिहिलेल्या' संहितेचे काय झाले? पूर्वीच्या निवडींचा मान राखण्याचा कितीही प्रयत्न झाला तरी त्या शेवटांना आता कार्यालयात झालेल्या एका निर्णयाशी जुळवून घ्यावे लागणार. तीन शेवटांपैकी एकाला पुढचे आयुष्य मिळाले आणि ते कुणाला द्यावे हे खेळाडूंना कुणी विचारले नाही. ज्याची संहिता त्याला न विचारता मागे सारता येते त्याला लेखक म्हणण्यासाठी लेखक या शब्दाचा अर्थच सोडून द्यावा लागेल.

लेखक या शब्दाला आणखीही एक अर्थ आहे. सिद्धान्ताच्या उंचीवरून तो दिसत नाही. सापकोव्स्की यांनी आपल्या कृतींच्या खेळांचे हक्क ठरावीक रकमेला विकले. नफ्यातील वाटा देऊ केला असता आपण तो नाकारला, कारण या उद्योगाच्या यशावर आपला विश्वास नव्हता, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. खेळांना जगभर यश मिळाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांच्या वकिलांनी संस्थेकडे सहा कोटी झ्वोतींहून अधिक रकमेची मागणी केली. आधार होता पोलिश स्वामित्वहक्क कायद्याच्या ४४ व्या कलमाचा. लेखकाला मिळालेला मोबदला आणि हक्क घेणाऱ्याला झालेला लाभ यांत ढोबळ विषमता असेल तर लेखकाला वाढीव मोबदला मागता येतो, अशी ती तरतूद आहे. संस्थेने मागणी निराधार ठरविली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये दोघांत नवा करार झाला.

या प्रकरणात सापकोव्स्की यांचा व्यवहारी अंदाज चुकला, हे खरे. पण लेखकाच्या मृत्यूचा जयघोष करणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे की पोलंडच्या कायद्याला हा लेखक जिवंत वाटतो. संस्थेलाही तो करार करण्याइतका जिवंत वाटला. मेलेला आढळतो तो फक्त आपल्या शोधनिबंधांत. खेळ म्हणजे आपल्या कादंबऱ्यांचा पुढचा भाग नव्हे, ही भूमिका सापकोव्स्की यांनी वारंवार मांडली आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी गेराल्टवरील नवी कादंबरीही प्रसिद्ध केली आहे. मृत्युलेख लिहिण्याची घाई झाली, असेच म्हणावे लागते.

५

लेखक एक नाही, शेकडो आहेत, हा आक्षेप येथे येईल. आणि तो योग्य आहे. 'वाइल्ड हंट'ला कथाकार होते, दिग्दर्शक होते, चित्रकार, संगीतकार, नट आणि आज्ञावली लिहिणारे अभियंते होते. चौथ्या खेळासाठी संस्थेने आपली स्वतःची यंत्रणा बाजूला ठेवून एपिक कंपनीचे 'अनरिअल इंजिन ५' स्वीकारल्याचे मार्च २०२२ मध्ये जाहीर केले. म्हणजे झाडाचे पान कसे हलावे याच्या कर्तृत्वातही आता दुसऱ्या कंपनीचा वाटा असेल. हे सामूहिक कर्तृत्व आहे. पण सामूहिक कर्तृत्व म्हणजे कर्तृत्वाचा अभाव नव्हे. चित्रपटाला शंभर माणसे लागतात म्हणून प्रेक्षकाला आपण दिग्दर्शक म्हटलेले नाही.

उलट, कर्तृत्व सामूहिक असते तेव्हा ते नाहीसे दाखविणे अधिक घातक ठरते. याच संस्थेचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये इतक्या सदोष अवस्थेत बाजारात आला की सोनीने तो आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. त्याआधी, सक्तीचे जादा काम टाळू असे आश्वासन दिलेल्या संस्थेने सहा दिवसांचा आठवडा लादला होता. जुलै २०२३ मध्ये सुमारे १०० जणांची, म्हणजे जवळजवळ ९ टक्के कर्मचाऱ्यांची, कपात जाहीर झाली आणि त्याच वर्षी पोलंडमधील खेळ-उद्योगात कामगार संघटना उभी राहिली. ही माणसे संहितेच्या बाहेरची नाहीत. ती संहिता लिहितात. 'येथे लेखक कुणी नाही, खेळाडूच सर्व काही' हे वाक्य त्यांच्या दृष्टीने वाचून पाहावे. ते मुक्तीचे घोषवाक्य वाटणार नाही.

आणि आता मूळ मुद्दा. 'तुमची कथा तुम्ही घडवा', 'तुमच्या निवडी जग बदलतात' ही भाषा कुणाची? ती जाहिरातीची भाषा आहे. या प्रकारच्या खेळाची विक्री ज्या वचनावर होते तेच वचन आपली समीक्षा पारिभाषिक शब्दांत गुंडाळून परत देते. येऊ घातलेल्या खेळाबाबत तर हे अधिकच घडते, कारण तेथे संहिता अद्याप अस्तित्वात नाही. आहे ती केवळ वचनाची. जून २०२५ मध्ये 'अनरिअल इंजिन'च्या कार्यक्रमात सिरी आणि तिची घोडी यांना घेऊन कोव्हिर या प्रदेशाचे दृश्य दाखविले गेले : हलती अरण्ये, शेकडो माणसांनी गजबजलेला बाजार. हे तंत्राचे प्रात्यक्षिक आहे, प्रत्यक्ष खेळ नव्हे, असा खुलासा खुद्द संस्थेने केला. उत्पादकाने स्वतःहून राखलेली ही मर्यादा समीक्षकाला राखता येऊ नये, ही नामुष्की आहे. बाजारात माणसे किती हलतात यावरून त्यांतील एकालाही स्वतःचे काही म्हणणे असेल की नाही हे कळत नाही.

६

यावर असे विचारले जाईल की, मग खेळाडूला काहीच स्थान नाही काय? आहे, आणि ते त्याला लेखक म्हटल्याने झाकले जाते. कादंबरीच्या वाचकावर नायकाच्या कृत्याची जबाबदारी येत नाही. खेळाडूवर काही अंशी येते. टेकडीतला आत्मा आपणच सोडविला, हे तो नाकारू शकत नाही. पश्चात्ताप, अपराधभाव, चुकल्याची जाणीव या भावना वाचनात सहानुभूतीने येतात, येथे त्या कृतीच्या अंगाने येतात. या प्रकाराने साहित्यशास्त्रापुढे टाकलेला खरा नवा प्रश्न हाच आहे, आणि आपल्या रसचर्चेपासून वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्तापर्यंतची सामग्री त्यासाठी पुन्हा तपासावी लागेल. खेळाडू स्वतः भर घालून खेळच बदलतो तेव्हा तो त्या भरीपुरता लेखक होतो, हेही मान्य. पण तेव्हा तो खेळत नसतो, लिहीत असतो, आणि हा भेद तो स्वतः नीट जाणतो.

तेव्हा या विषयावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन प्रश्नांपासून सुरुवात करावी. येथे काय करू दिले आहे आणि काय करू दिलेले नाही? केलेल्या कृतीला फळ देणारा नियम कोणते मूल्य गृहीत धरतो? आणि तो नियम कुणी, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या करारान्वये लिहिला? 'वाइल्ड हंट'मध्ये गेराल्टला शेती करता येत नाही, राक्षस मारण्याचा धंदा कायमचा सोडून एखाद्या गावात म्हातारे होता येत नाही. मुक्त विश्वाच्या या सीमा त्याच्या रानांइतक्याच अर्थपूर्ण आहेत. त्या कुणीतरी आखल्या आहेत.

चौथा खेळ येईल तेव्हा तो कदाचित उत्तम असेल. तसा तो असला तर त्याचे श्रेय ज्यांनी तो लिहिला, रेखाटला, रचला त्यांना द्यावे लागेल, आणि फसला तर जाबही त्यांनाच विचारावा लागेल. ज्या समीक्षेने लेखकाला आधीच पुरून टाकले आहे तिला या दोहोंपैकी एकही गोष्ट करता येणार नाही. तिच्या हाती फक्त ग्राहकाचे अभिनंदन करणे उरेल. आणि ते काम करण्यासाठी त्या व्यवसायात पगारी माणसे आधीपासूनच आहेत.